पाय बघणारे खांबेटे

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या आमच्या गल्लीत शरद खांबेटे हे एकच असे गृहस्थ होते, की ज्यांच्यासमोरून चालत जायला मला संकोच वाटायचा. तसे ते काही दांडगट नव्हते. किरकोळ अंगाचे, बिनबाह्यांचा स्वेटर, कानटोपी आणि बारमाही सर्दी. पण मी कचऱ्याची पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत निघालो की ते आपल्या दारातून माझ्या पावलांकडे बघत उभे राहायचे आणि मी परत आलो की म्हणायचे, "हेमंता, डावा गुडघा दाखवून घे. तू डावीकडे वळायचं टाळतोस." मी वैतागायचो. शेवटी डॉक्टरकडे गेलो तर डाव्याच गुडघ्यात घोटाळा निघाला. त्यानंतर मी जास्तच वैतागलो.

आता खांबेटे आणि वहिनी नाशिकला असतात. त्यांच्या घरात एक डच जोडपं आलंय, अतिशय सभ्य, माझ्या चालण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला करमत नाही.

खांबेटे नोकरीला रॉटरडॅमच्या बंदरात होते. कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर चढवायचा हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्यांनी उभी हयात काढली, पण त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी चार वाक्यं ऐकली नाहीत. त्यांचा जीव होता अमेरिकन फुटबॉलवर. हा खेळ हॉलंडमध्ये खेळतात हे मुळात हॉलंडमधल्या लोकांनाच माहीत नसतं. हेगच्या बाहेर, हॉकीची मैदानं संपली की एक चिखलाचा तुकडा लागतो, तिथे शिरस्त्राणं घातलेली तीस-चाळीस धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत असतात आणि कडेला त्यांच्या बायका थर्मासमधली कॉफी पीत वाऱ्याला शिव्या देत असतात. त्या कडेला, सगळ्यांच्या खांद्याखाली, कानटोपी घालून उभे असत ते आमचे खांबेटे.

तरुणपणी ते अमेरिकेत शिकायला गेले होते. तिथे कॉलेजच्या संघाचा सराव कॅमेऱ्यात टिपायचं काम त्यांना मिळालं. शिडीवर उभं राहून दोन वर्षं त्यांनी खेळाडू बघितले आणि बघायचं जे व्यसन लागलं ते कायमचं. स्वतः ते एक मिनिटही खेळले नाहीत. चेंडू घरंगळत पायाशी आला तर उचलून द्यायचेसुद्धा नाहीत, वडीलधाऱ्यांना वाट द्यावी तसे बाजूला सरायचे.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा मी त्यांना म्हटलं, शरददादा, दोन वाक्यांत सांगा. ते म्हणाले, "लग्नाची पंगत डोळ्यासमोर आण. क्वार्टरबॅक म्हणजे यजमानाचा थोरला भाऊ. एका जागी उभा राहतो. कुणाच्या पानातलं काय संपलंय ते त्याला दिसतं आणि तो हुकूम सोडतो. वाइड रिसीव्हर म्हणजे वाढपी. कडेकडेनं धावायचं आणि नेमक्या पानापाशी नेमक्या वेळी पोचायचं. चेंडू नारळासारखा असतो. थोरला भाऊ तो लांब फेकतो, वाढपी धावता धावता झेलतो. आता गोम कुठे आहे सांगू? येणाऱ्या प्रत्येक पोराला थोरला भाऊ व्हायचं असतं."

खांबेट्यांचं क्लबातलं काम या गोमेवरच उभं होतं. दर वर्षी क्वार्टरबॅक व्हायला म्हणून पाच-सहा जण यायचे. अंगानं चपळ, डोक्यानं हुशार, सगळंच थोडंथोडं येणारे. त्यातला खरा क्वार्टरबॅक एखादाच. बाकीच्यांतून उत्तम रिसीव्हर घडू शकतात, कारण फेकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे त्यांना आतून ठाऊक असतं. कोण राहील आणि कोण बदलेल, हे खांबेटे सांगायचे. मुख्य प्रशिक्षक मार्टाइन एका शाळेत व्यायामाचा मास्तर होता, आडदांड माणूस, पण या बाबतीत तो खांबेट्यांच्या शब्दाबाहेर नसे.

ही पारख करायची त्यांची रीत होती. रविवारी संध्याकाळी सरावाचं चित्रीकरण टीव्हीवर लावायचे आणि टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर आपला आंघोळीचा पंचा टांगायचे. दिसायचे ते फक्त पाय. "हात खोटं बोलतात," ते म्हणायचे. "चेहरा तर अट्टल खोटारडा. अंगावर चार रेडे धावून येत असताना ज्याचे पाय जागच्या जागी छोटी छोटी पावलं टाकत राहतात, तो क्वार्टरबॅक. ज्याचे पाय म्हणतात, चला इथून, तो रिसीव्हर. यात कमीपणा नाही. पळायचे ते पाय पळणारच." मी आणि वहिनी सोफ्यावर बसून तासन्‌तास चिखलातले बूट बघत असू. वहिनी मटार सोलायच्या. मधूनच त्यासुद्धा म्हणायच्या, "हा निळ्या मोज्यांचा पळणार बघा." आणि तो पळायचा.

पण निकाल सांगणं हे खरं अवघड काम. इथली माणसं तोंडावर बोलण्यात पटाईत, पण वर्षभर उराशी बाळगलेली जागा काढून घेताना डच माणूससुद्धा अडखळतो. मार्टाइनला ते जमायचं नाही. ते खांबेट्यांनी आपल्या अंगावर घेतलं आणि त्याला एक आपली पद्धत लावली. वहिनींच्या हातच्या पातळ पोह्यांच्या चिवड्याचा डबा ते क्लबावर घेऊन जायचे, त्या पोराला सराव संपल्यावर बाकावर बसवायचे आणि डबा पुढे करायचे. दोन घास झाले की म्हणायचे, "तू उद्यापासून रिसीव्हर." रिकाम्या पोटी वाईट बातमी सांगू नये, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. हळूहळू अख्ख्या क्लबाला ते ठाऊक झालं. खांबेट्यांच्या पिशवीत डबा दिसला की भलेभले गडी बाकाच्या बाजूला फिरकायचे नाहीत.

बास नावाचा एक प्लंबर होता, सहा फुटांच्या वर उंच. त्याच्यासमोर डबा आला तेव्हा तो म्हणाला, मला भूक नाही. खांबेटे म्हणाले, थोडा घे. तो म्हणाला, नको, मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. खांबेट्यांनी शांतपणे सगळे शेंगदाणे वेचून बाजूला काढले आणि डबा पुन्हा पुढे केला. बास ढसाढसा रडला. अ‍ॅलर्जी वगैरे काही नव्हती. पुढच्या वर्षी तो क्लबाचा सगळ्यात चांगला रिसीव्हर झाला आणि त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला त्यानं वहिनींकडून किलोभर चिवडा करवून नेला, शेंगदाण्यांसकट. "लेकर, लेकर," म्हणजे डचमध्ये चवदार, चवदार, असं म्हणत सगळ्यांना वाटत होता.

मी या सगळ्यात ओढला गेलो तो गाडीमुळे. खांबेट्यांना इथला वाहन परवाना कधी मिळालाच नाही. परीक्षेत स्वतःच्या गाडीकडे लक्ष देण्याऐवजी ते पुढच्या गाडीवाल्याचं मूल्यमापन करायचे आणि एकदा तर परीक्षकालाच म्हणाले, तुमचा पाय ब्रेककडे उशिरा जातो. त्यामुळे रविवारी सामना असला की कुंपणावरून हाक यायची, "हेमंता, गाडी रिकामी आहे का रे?" गाडी रिकामी नसायची, मी रिकामा असायचो. पुढे खांबेटे, मागे वहिनी आणि वहिनींच्या शेजारी गुडघे हनुवटीला लावून बसलेला त्यांचा मुलगा नील.

नीलबद्दल सांगायचं तर तो फार कमी बोलणारा मुलगा. घरात आई-बाप मराठीत बोलणार, हा इंग्रजीत उत्तर देणार, तेही एका शब्दात. शाळेत म्हणे तो मागच्या बाकावर बसून असायचा, पालकसभेला शिक्षिकेला त्याचा चेहरा पटकन आठवायचा नाही. पण पंधराव्या वर्षी तो क्लबाच्या मुलांच्या संघात क्वार्टरबॅक झाला आणि तिथे मात्र त्याचा आवाज मैदानाच्या पलीकडे ऐकू यायचा. एकदा खांबेटे आणि वहिनी आधीच पुढे गेले होते आणि मी एकट्या नीलला सोडायला चाललो होतो. मी सहज विचारलं, तुला यात एवढं काय आवडतं रे? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हेमंतकाका, इन द हडल, व्हेन आय टॉक, दे ऑल लिसन. टेन पीपल. नोबडी सेज, व्हॉट?" हडल म्हणजे डाव सुरू होण्याआधी सगळे गोल करून डोकी जवळ आणतात ते. मी गाडी चालवत राहिलो.

मुलांच्या संघाकडे खांबेट्यांनी कधी बघितलं नाही. "तो माझा संघ नाही," म्हणायचे. आम्हाला वाटायचं शिस्तीचा माणूस आहे. आता वाटतं, घाबरत होते.

नील एकवीसचा झाला आणि मोठ्यांच्या संघात आला. त्याच वर्षी योस्ट नावाचा एक मुलगाही आला. त्यालाही क्वार्टरबॅकच व्हायचं होतं. जागा एकच. मार्टाइननं नेहमीप्रमाणे सरावाचं चित्रीकरण खांबेट्यांच्या हाती दिलं आणि वर म्हणाला, हवं तर या वेळी मी बघतो, तू बघू नकोस. खांबेट्यांना तो अपमान वाटला. "का? माझे डोळे गेले का?" असं त्याला इंग्रजीत म्हणाले आणि मराठीत मला म्हणाले, "एकाला एक न्याय आणि घरच्याला दुसरा, असं करणारा माणूस मी नव्हे."

त्या रविवारी त्यांनी पंचा टांगला तेव्हा मी तिथे होतो. वहिनी चिवडा परतत होत्या, घरभर कढीपत्त्याचा वास होता. नील त्याच्या खोलीत होता. पडद्यावर दोन जोड्या पायांच्या, एकदा ही, एकदा ती. खांबेटे खुर्ची ओढून पुढे बसले. एक जोडी अगदी वाईट वेळीसुद्धा जागेवर पावलं टाकत राहायची, गव्हाच्या पोत्याशेजारी दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. दुसरी जोडी सुंदर होती. हलकी, चपळ, बघत राहावं अशी. आणि माणसं अंगावर आली की ती पळायची. प्रत्येक वेळी पळायची. खांबेट्यांनी ते तुकडे पुन्हा पुन्हा लावले. मी म्हटलं, "दादा, बास करा आता." ते म्हणाले, "थांब. एकदा तरी थांबतील." ते पाय एकदाही थांबले नाहीत.

मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि पंचा घडी करून मांडीवर घेऊन बसले. मी त्यांना तेव्हाच सांगितलं. गाडीत नील काय म्हणाला होता ते सगळं सांगितलं. दादा, त्याच्यासाठी ही नुसती जागा नाहीये, असंही म्हटलं. ते माझ्याकडे बघत होते, डोळे सर्दीनं पाणावलेले की कशानं ते कळत नव्हतं.

"माहीत आहे रे मला," ते म्हणाले. "बाप आहे मी त्याचा. पण म्हणून काय पाय बदलतात?"

"मग निदान मार्टाइनला सांगू दे."

"का? इतक्या पोरांना मी सांगितलं. त्यांना बाप नव्हते?"

मी घरी आलो. भिंतीपलीकडून रात्रीच्या जेवणाच्या भांड्यांचे आवाज येत होते, रोजच्यासारखे, आणि मला उगाच वाटत राहिलं की पलीकडे जावं आणि काहीतरी सांडून यावं, म्हणजे तेवढीच वेळ टळेल.

मंगळवारच्या सरावाला मीच त्यांना घेऊन गेलो. सराव संपला. नील शिरस्त्राण काढत आमच्याकडे येत होता, केस घामानं चिकटलेले, कशावर तरी हसत होता. खांबेटे बाकावर बसले होते. त्यांनी पिशवीत हात घातला आणि डबा बाहेर काढला.

मला खरोखर वाटलं नव्हतं की हा माणूस डबा आणेल. न्याय सारखा असावा म्हणून तोच बाक, तोच डबा, तेच दोन घास! घरात एका छपराखाली राहणाऱ्या मुलाला हे मैदानावर, सगळ्यांच्या देखत! नील चार पावलांवर थांबला. आजूबाजूची माणसं बूट काढताना थांबली. बासनं मान खाली घातली. नीलनं डब्याकडे बघितलं, मग बापाकडे, आणि म्हणाला, "सीरियसली, बाबा?"

"बस," खांबेटे म्हणाले. "थोडा खा."

तो बसला नाही. शिरस्त्राण बगलेत धरून तसाच वाहनतळाकडे चालत गेला. त्याच्या पाठीकडे बघत खांबेटे हलक्या आवाजात म्हणाले, "तू उद्यापासून रिसीव्हर," कारण वाक्य पुरं करायला हवं होतं. ऐकायला मी एकटाच होतो.

घरी वहिनींनी आकाशपाताळ एक केलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "माझ्या हातचा चिवडा!" त्या म्हणत होत्या. "मी आपली वेडी, पोराला आवडतात म्हणून काजू घालून केला, आणि तोच घेऊन गेलात तुम्ही? अहो, कान सोनारानं टोचावेत. बापानं टोचले तर जन्मभर दुखतात."

"मी पायांवरून ठरवलं," खांबेटे म्हणाले. "कुणाचे आहेत ते बघितलं नाही."

"बापाला पोराचे पाय ओळखू येत नाहीत?"

पंच्याआडचे कुठले पाय कुणाचे हे खांबेट्यांना पहिल्या क्षणापासून कळलं होतं. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

नील रिसीव्हर झाला. झाला म्हणजे काय, लोक बघत राहावेत असा झाला. योस्टनं चेंडू फेकायच्या आधीच हा तिथे पोचलेला असायचा. पहिल्याच सामन्यात कडेच्या रेषेवर, अंग पूर्ण बाहेर झोकून, पायाची बोटं तेवढी आत ठेवून त्यानं असा एक झेल घेतला की प्रतिस्पर्धी संघाच्या बायकासुद्धा ओरडल्या. मार्टाइन धावत आला आणि त्यानं खांबेट्यांना उचललंच. वर उचललेले खांबेटे मुलाला शोधत होते. नील चेंडू पंचाच्या हातात देऊन परत आला, पाणी प्यायला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्याचा चेहरा कोऱ्या कागदासारखा होता. हडलमध्ये तो आता कडेला उभा असायचा आणि योस्ट बोलायचा.

त्या उन्हाळ्यात घरात कुणी कुणावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. नील जेवायला यायचा, "थँक्स, आई," म्हणायचा आणि ताट धुऊन वर जायचा. खांबेटे काहीतरी विषय काढायचे, सायकलची हवा, हवामान, नाशिकच्या काकांची शस्त्रक्रिया. तो "ओके" म्हणायचा. वहिनी कुंपणापाशी येऊन मला सांगायच्या आणि मी "होईल सगळं ठीक" असं म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? मी एकदा दोघांना आमच्याकडे जेवायला बोलावलं, मुद्दाम समोरासमोर बसवलं. दोघंही आमटीची तारीफ करत राहिले.

हिवाळा सुरू व्हायच्या आधी नीलनं क्लब सोडला. रॉटरडॅमच्या पलीकडे कुठल्याशा छोट्या गावात एक नवखा संघ होता, खेळाडू जेमतेम पुरायचे, क्वार्टरबॅक नव्हताच. त्यांना कुणीही चाललं असतं. नील तिथे गेला, सोबत घरही सोडलं आणि तिकडे एक खोली घेतली. जाताना वहिनींच्या पाया पडला. खांबेट्यांच्याही पडला, रीतसर. त्यामुळे तर काही बोलायची सोयच उरली नाही.

तो संघ हरायचा. दर रविवारी हरायचा. खांबेटे त्याचे निकाल फोनवर बघायचे, मग फोन उपडा ठेवायचे. हेगच्या क्लबावर जायचं त्यांनी सोडलं. मार्टाइन एकदा स्वतः घरी आला, या वर्षी चौघे नवे आलेत, येऊन बघ म्हणाला. खांबेटे म्हणाले, मला आता नीट दिसत नाही. चष्म्याचा नंबर तोच होता, मला माहीत होतं.

वसंतात एका रविवारी कुंपणावरून हाक आली. "हेमंता, गाडी रिकामी आहे का रे?" वहिनी आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मला बघवणार नाही, तुम्ही जा आणि तो काय बोलतो ते येऊन मला सांगा. वाटेत खांबेटे एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या गाडीवाल्यांबद्दलसुद्धा नाही.

मैदान एका बांधाच्या पायथ्याशी होतं. आम्ही बांधावर उभे राहिलो, मेंढ्यांच्या शेजारी, म्हणजे खालून आम्ही कुणाच्या नजरेत येऊ नये. पण सपाट देशात बांधावरचा माणूस तीन गावांना दिसतो. नीलनं आम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच बघितलं असणार.

मला त्या खेळातलं फारसं कळत नाही, पण त्या दिवशी कळायचं काही बाकी राहिलं नाही. माणसं अंगावर यायची, नील पळायचा, पळता पळता फेकायचा, चेंडू भलतीकडे जायचा. किंवा तो आपटला जायचा. उठायचा, हात हलवून सगळ्यांना गोळा करायचा आणि त्या गोलात त्याचं डोकं मधोमध असायचं. त्याचा आवाज वर बांधापर्यंत येत होता, स्पष्ट, खणखणीत. खांबेटे माझ्या शेजारी उभे राहून त्याच्या पायांकडे बघत होते. नंतर नंतर त्यांनी पायांकडे बघणं सोडून दिलं आणि नुसते ऐकत उभे राहिले.

सामना संपला, सपाटून हरले. माणसं पांगली. नील बांधाची चढण चढून वर आला. हनुवटीवर खरचटलं होतं, अर्धं अंग चिखलानं माखलेलं. माझ्याशी हात मिळवला. मग बापासमोर उभा राहिला. कित्येक महिन्यांत ते दोघं इतके जवळ आले नव्हते.

"सो?" तो म्हणाला. "सांगा. व्हॉट डू यू थिंक?"

मला वाटलं आता हा माणूस बोलणार. बासला सांगितलं, माझ्या गुडघ्याला सांगितलं, परीक्षकाला सांगितलं. खोटं बोलणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. मी मेंढ्यांकडे बघायला लागलो.

"क्वार्टरबॅक आहेस तू," खांबेटे म्हणाले. "माझं चुकलं होतं. पाय खूप सुधारलेत. आता थांबतात."

नीलच्या चेहऱ्यावर आनंद आला असता तर मी तिथल्या तिथे नवस फेडला असता. पण तो घाबरल्यासारखा बघत होता, घरातलं कुणी आजारी आहे हे अचानक कळावं तसा.

"बाबा, नको," तो हळूच म्हणाला. "यू डोन्ट हॅव टू डू दॅट. इथे सगळे मला तेच सांगतात. मला माहीत आहे माझे पाय कसे आहेत. आय हॅव ऑलवेज नोन." आणि मग, "तुम्ही नका ना असं बोलू."

त्यानं बापाचा दंड धरला, थोडा दाबला. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देताना धरतात तसा. खालून कुणीतरी हाक मारली, खांब आणि दोऱ्या उचलायच्या राहिल्या होत्या. तो उतरून गेला, सावकाश, न घसरता, आणि खाली पोचल्यावर कुणाला काय उचलायचं ते सांगायला लागला. सगळे ऐकत होते.

परतताना नदीखालचा मोठा बोगदा आला आणि गेला. मग खांबेटे म्हणाले, "त्याला माहीत होतं रे. पहिल्यापासून माहीत होतं." आणि थोड्या वेळानं, "मग मी कशाला सांगितलं?"

त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडून तरी निकाल ऐकायचा होता, आणि माझ्याकडे तो नव्हता.

त्यानंतरही ते काही महिने शेजारी होते. घर विकलं, सामान बांधलं, मीच विमानतळावर सोडलं, नीलही आला होता, सगळं रीतसर झालं. पण खांबेटे म्हटलं की मला दिसतात ते त्या रविवारचे. मी गाडी लावून घरात आलो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज बाहेर बघितलं, तर ते अजून त्यांच्या दारातच उभे होते. उजेड भरपूर होता, वसंतात इथे संध्याकाळ संपता संपत नाही. किल्ली हातात होती. आत गेलं की वहिनी विचारणार होत्या, काय म्हणाला तो. एकदा त्यांनी किल्ली कुलपापर्यंत नेली आणि परत घेतली. मग दार आतूनच उघडलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, चेहऱ्यावर नुसती आशा. खांबेटे त्यांच्याकडे बघत राहिले आणि जागच्या जागी, छोटी छोटी, पुढे न जाणारी पावलं टाकत राहिले.